नसलेल्या पायाची वेदना

(सुवर्णमहोत्सवानिमित्त इगतपुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. व्यापारी समाजात दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा केवळ नफ्याचे पान पाहून वही मिटली जात नाही. येणे किती, देणे किती आणि नोंदवायचे काय राहून गेले, हेही तपासले जाते. सेवाकार्याच्या वहीतही अशी एक नोंद बहुतेक ठिकाणी राहून गेलेली आहे. जैन समाजातील संस्था गेली अनेक दशके कृत्रिम पायांची शिबिरे भरवीत आल्या आहेत. रुग्णाचे माप घेतले जाते, पाय बसविला जातो, तो मनुष्य कित्येक महिन्यांनंतर चार पावले चालतो आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात. परंतु त्या मनुष्यास एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : "जो पाय आता नाही, तो दुखतो का?"

प्रथमदर्शनी हा प्रश्न विचित्र वाटेल. जो पाय नाही, तो दुखेल कसा? परंतु ज्याचा हात किंवा पाय कापला गेला आहे, त्यास हा प्रश्न मुळीच विचित्र वाटत नाही. उलट, कोणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून तो वर्षानुवर्षे वाट पाहत असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

इगतपुरी हे रेल्वेचे गाव. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग वर आला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील या लहानशा वस्तीचे भाग्य पालटले. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ चढण्यासाठी कसाऱ्याहून गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडावी लागतात, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. सांधेवाले, फायरमन, गँगमन, पोर्टर अशा नोकऱ्या करीत येथील कित्येक घरांच्या पिढ्या गेल्या. रुळांशी ज्यांचे आयुष्य बांधलेले असते, त्यांना रुळांवरील अपघात म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातांची भर पडली. आणि अलीकडे, न धावता न पडता, केवळ गादीवर बसून पाय गमावण्याचे एक कारण घरोघरी आले आहे, ते म्हणजे मधुमेह.

एका घरातील चित्र

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरून आली, टाके निघाले, घरी सत्यनारायणही झाला. आषाढातील एका रात्री, बाहेर पावसाची झोड उठलेली असताना, ते एकाएकी जागे होतात. उजव्या पायाचा अंगठा कोणी पिरगाळीत आहे असे त्यांना वाटते. बोटे आत वळून घट्ट आवळली गेली आहेत आणि काही केल्या सुटत नाहीत. ते पाय चोळण्यासाठी हात पुढे करतात, तर हाताला केवळ चादर लागते.

सकाळी ते पत्नीस सांगतात. ती माऊली घाबरते. सुनेला वाटते, मामंजींना भ्रम झाला. शेजारची म्हातारी दृष्ट काढावयास सांगते. कोणी वडीलधारे म्हणतात, पूर्वकर्म आहे, भोगलेच पाहिजे. मुलगा समजूत घालतो, "बाबा, पायच नाही तर दुखेल कोठून? मनावर घेऊ नका." त्या दिवसापासून ते गृहस्थ बोलणे सोडून देतात. दुखणे मात्र त्यांना सोडीत नाही.

ही व्यक्ती काल्पनिक आहे. परंतु तिची प्रत्येक तक्रार वैद्यकाच्या ग्रंथांत शब्दशः नोंदविलेली आहे. पिळल्यासारखे, जळल्यासारखे, विजेचा झटका बसल्यासारखे, सुया टोचल्यासारखे, बोटे आवळून नखे तळव्यात रुतल्यासारखे, अशा शब्दांत जगभरचे रुग्ण हीच वेदना सांगत आले आहेत.

येथे तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली म्हणजे नसलेल्या अवयवाची नुसती जाणीव. पाय आहे, तो अमुक स्थितीत वाकलेला आहे, त्यास खाज सुटली आहे, असे वाटणे. अवयव गमावलेल्या बहुतेक सर्वांना ही जाणीव कमी-अधिक काळ होते आणि तिच्यात भिण्यासारखे काही नाही. दुसरी म्हणजे त्या नसलेल्या अवयवात होणारी वेदना. अवयव गमावलेल्यांपैकी साधारणतः दोन-तृतीयांश लोकांना ती कधी ना कधी होते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसून येते. तिसरी म्हणजे उरलेल्या भागातील, ज्यास डॉक्टर 'स्टंप' म्हणतात त्या खुंटातील वेदना. ती जखमेमुळे, जंतुसंसर्गामुळे, हाडाच्या टोकामुळे किंवा नीट न बसणाऱ्या कृत्रिम पायामुळे असू शकते. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून दुखते कोठे, खुंटात की त्याच्या पलीकडे जेथे आता काहीच नाही तेथे, हे रुग्णास शांतपणे विचारणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.

चार शतकांहून जुनी नोंद

हे दुखणे नवे नाही. सोळाव्या शतकात आंब्रोआज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या या तक्रारी लिहून ठेवल्या. इंग्रजांचा प्रसिद्ध दर्यासारंग नेल्सन याचा उजवा हात १७९७ साली टेनेरिफ बेटावरील लढाईत गेला. नसलेल्या हाताची जाणीव त्यास होत असे, आणि हाताविना हात राहू शकतो तर देहाविना आत्माही राहू शकेल, असा अर्थ त्याने त्यातून काढला असे सांगितले जाते. आत्म्याविषयीच्या श्रद्धेस अशा पुराव्याची आवश्यकता नाही, आणि वेदनेच्या उपचारास तत्त्वचर्चेची वाट पाहता येत नाही. तो विषय येथेच सोडून पुढे जाणे उचित होईल.

या अवस्थेस 'फँटम लिंब', म्हणजेच आभासी अवयव, हे नाव १८७१ साली अमेरिकेतील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी दिले. तेथील यादवी युद्धात जखमी झालेल्या असंख्य सैनिकांवर त्यांनी फिलाडेल्फिया येथे उपचार केले होते. त्यांच्याविषयीची एक हकिकत दानशूर समाजाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६६ साली मिचेल यांनी चारही अवयव गमावलेल्या एका सैनिकाची कथा एका मासिकात नाव न देता प्रसिद्ध केली. कथा पूर्णतः काल्पनिक होती. परंतु वाचकांना ती इतकी खरी वाटली की त्या दुर्दैवी सैनिकासाठी पैसे जमा झाले, आणि कित्येक सहृदय माणसे त्यास मदत देण्यासाठी रुग्णालय शोधीत गेली. काल्पनिक माणसाच्या वेदनेवर लोकांनी विश्वास ठेवला. आपल्या घरातील खऱ्या माणसाच्या वेदनेवर मात्र विश्वास बसत नाही, हे आश्चर्य नव्हे काय?

मेंदूच्या वहीतील खाते

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. नसलेला पाय दुखतो कसा?

आपल्या इगतपुरीत धम्मगिरी येथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. तेथे साधक डोळे मिटून, हालचाल न करता, मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत शरीरातील संवेदना पाहत जातात. या क्षणी बसल्या जागी कोणीही डोळे मिटून पाहावे. पाय दिसत नाही, हलत नाही, तरी तो कोठे आहे हे नेमके कळते. हे कळणे पायात होत नाही, मेंदूत होते. पायाकडून मज्जातंतू निघतात, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून संदेश वर जातो, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील एका ठरलेल्या पट्टीवर त्याची नोंद होते. कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी या पट्टीचा नकाशा तयार केला. हाताची जागा कोणती, ओठांची कोणती, पायाची कोणती, हे त्यावरून समजले.

व्यापाऱ्यास हे सहज उमजेल. परगावचे एखादे दुकान जळून गेले, तरी त्या दुकानाचे खाते आपल्या वहीतून आपोआप पुसले जात नाही. पान तसेच राहते, मागील बाकी तशीच पुढे ओढली जाते. पाय गेला तरी मेंदूच्या वहीतील पायाचे खाते उघडेच राहते. तेथे हालचाल झाली की मनुष्यास पाय जाणवतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. कापड आडवे कापले की काठाचे दोरे सुटतात आणि काठ शिवला नाही तर ते एकमेकांत गुंततात. कापलेल्या मज्जातंतूचेही काहीसे असेच होते. त्याचे टोक पुन्हा वाढू पाहते, पण पुढे वाट नसल्याने तेथे गुंतागुंत होऊन गाठ तयार होते. तिला 'न्यूरोमा' म्हणतात. ही गाठ कारण नसताना संदेश पाठवू लागते, आणि तो संदेश आला पायाच्याच तारेवरून असल्याने मेंदू तो पायाच्याच खात्यावर मांडतो. सतत येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जूही अधिक संवेदनशील होतो आणि लहान संदेश मोठा करून वर पाठवितो. म्हणजे नस, मज्जारज्जू व मेंदू या तीन ठिकाणी या दुखण्याचे मूळ असते. अवयव कापण्यापूर्वी पायात फार दिवस तीव्र वेदना होत असतील, तर नंतर हे दुखणे होण्याचा संभव अधिक असतो, असेही आढळून आले आहे.

सारांश हा की, अवयव आभासी आहे, पण वेदना आभासी नाही. तिचा उगम पायात नसून मज्जासंस्थेत आहे, एवढाच फरक. दाढेच्या दुखण्याइतकीच ती खरी आहे. मानसिक ताण, अपुरी झोप, थंडी यांनी ती वाढते, हवा पालटली की वाढते असेही अनेक रुग्ण सांगतात. इगतपुरीचा चार महिन्यांचा पाऊस आणि धुके लक्षात घेता येथील रुग्णाची तक्रार पावसाळ्यात वाढली, तर त्यास ढोंगी समजू नये.

आरशाची पेटी

या विषयास नवी दिशा देणारे संशोधक भारतीय वंशाचे आहेत. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांचा जन्म १९५१ साली तामिळनाडूत झाला. मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते पुढे अमेरिकेत सॅन दिएगो येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९० च्या दशकात त्यांनी हात गमावलेल्या एका तरुणाच्या गालाला डोळे बांधून कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला, तेव्हा तो स्पर्श त्या तरुणास नसलेल्या हाताच्या बोटांवरही जाणवला. मेंदूच्या नकाशात चेहऱ्याची जागा हाताच्या शेजारी असल्यामुळे चेहऱ्याने हाताच्या रिकाम्या जागेवर ताबा मिळविला असावा, असे त्यांनी मांडले. हे मत पुष्कळ वर्षे मान्यता पावले होते. अलीकडील संशोधनाने मात्र त्यावर प्रश्नचिन्ह लावले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन रुग्णांच्या मेंदूची तपासणी हात काढण्यापूर्वी आणि त्यानंतर अनेक महिने केली गेली, तेव्हा मेंदूतील हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा टिकून असल्याचे दिसले. शेजाऱ्याने पान बळकावले नव्हते. खाते मूळ मालकाच्याच नावे होते.

रामचंद्रन यांच्या तर्काविषयी मतभेद असले, तरी त्यांनी सुचविलेला उपाय अत्यंत साधा आहे. पुष्कळ रुग्ण म्हणत की नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळली गेली आहे आणि ती उघडत नाही. रामचंद्रन यांनी एका पेटीत उभा आरसा बसविला. रुग्णाने चांगला हात आरशासमोर ठेवला की प्रतिबिंबात दुसरा हात जागेवर असल्यासारखा दिसे. चांगली मूठ हळूहळू उघडली की आरशातील मूठही उघडे, आणि काही रुग्णांना नसलेली मूठ सुटल्याचा अनुभव येऊन कळ थांबे. डोळ्यांनी मेंदूस साक्ष दिली की मूठ उघडली, आणि मेंदूने ती साक्ष मानली.

२००७ साली अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर या उपायाची तुलनात्मक चाचणी झाली. रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे, असा क्रम होता. आरशात पाहणाऱ्या सहाच्या सहा रुग्णांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशासमोर तोच व्यायाम करणाऱ्या सहांपैकी एकासच उतार पडला. डोळे मिटून नुसती कल्पना करणाऱ्या सहांपैकी दोघांना बरे वाटले, तर चौघांचे दुखणे वाढले. संख्या लहान आहे, आणि त्यानंतरच्या सर्व अभ्यासांत इतका स्पष्ट लाभ दिसलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या उपायास औषध लागत नाही, शस्त्र लागत नाही आणि जवळजवळ खर्चही नाही, तो जाणकारांच्या देखरेखीखाली करून पाहण्यास काय हरकत आहे?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाने साडी खांद्यावर टाकून पाहावी म्हणून उभा आरसा ठेवलेला असतो. तसाच, काठ धारदार नसलेला आरसा या कामी पुरतो. रुग्णाने बसून आरसा दोन्ही पायांच्या मध्ये असा उभा करावा की चांगला पाय व त्याचे प्रतिबिंब दिसेल आणि खुंट आरशामागे झाकला जाईल. पैंजण, जोडवी काढून ठेवावीत, म्हणजे दोन्ही पाय सारखे दिसतात. मग चांगल्या पायाची बोटे व घोटा सावकाश हलवावा, दृष्टी प्रतिबिंबावर ठेवावी, आणि नसलेल्या पायानेही तीच हालचाल करण्याचा प्रयत्न मनाने करावा. यास रोज पंधरा मिनिटे लागतात. एका सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पहिल्या दिवसांत काहींना घेरी येते, मळमळते किंवा रडू कोसळते. तसे झाले, किंवा दुखणे वाढले, तर थांबून फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. दोन्ही पाय गमावलेल्यास हा उपाय या रीतीने करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

इतर उपचार

आरसा हा एकच मार्ग नव्हे. नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे डॉक्टर रुग्णाचे वय, मूत्रपिंडाचे कार्य व इतर आजार पाहून ठरवितात. ती काहींना लागू पडतात, काहींना पडत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर सहसा फारसा उपयोग होत नाही. म्हणून दुकानातून गोळ्या आणून महिनोन् महिने घेत राहणे हे पोट आणि मूत्रपिंड बिघडविण्याचेच साधन ठरते. खुंटास हलके मालीश करणे, निरनिराळ्या पोताच्या कापडाने, प्रथम मऊ मलमल व नंतर खरखरीत टॉवेल अशा क्रमाने, हळुवार चोळून त्याची अतिसंवेदनशीलता कमी करणे, योग्य पद्धतीने पट्टी बांधून सूज आटोक्यात ठेवणे, या गोष्टी फिजिओथेरपिस्ट शिकवितात. त्वचेवरून सौम्य विद्युत्स्पंदने देणारे टेन्स यंत्रही काहींना आराम देते. नीट बसणारा कृत्रिम पाय नियमित वापरल्याने अनेकांचे दुखणे कमी होते. गेल्या काही वर्षांत कापलेल्या नसेचे टोक मोकळे न सोडता जवळच्या स्नायूकडे जाणाऱ्या लहान नसेशी जोडून देण्याची शस्त्रक्रियाही प्रचारात आली आहे. वाट नसलेल्या दोऱ्यास वाट करून देण्याचाच हा प्रकार होय.

तसेच, रात्रीची एक सावधगिरी प्रत्येक घराने घ्यावी. पाय आहे असे इतके खरे वाटते की झोपेतून उठताना रुग्ण त्या नसलेल्या पायावर भार देऊन उभा राहू पाहतो आणि पडतो. खाटेशेजारी कुबडी हाताला लागेल अशी ठेवावी, मंद दिवा लावून ठेवावा. खुंट लाल झाला, गरम लागला, काळसर पडला, त्यातून स्राव येऊ लागला किंवा ताप आला, तर ते आभासी दुखणे समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पाय दिला, पुढे काय?

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना सुरू झाले. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ साली स्थापन झाली. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून 'जयपूर फूट' घडविला. परदेशी पाय बुटात घालावयाचा असे. हा पाय घालून अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, शेतातील चिखलात उतरता येते. जो आपल्या मातीत, आपल्या मंदिरात, आपल्या पंगतीत चालेल असा हा पाय होता. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला, आणि त्या जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे सर्वश्रुतच आहे.

हा पाय गरिबांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने केले. भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात ती संस्था जन्मास आली. श्री. मेहता यांचा स्वतःचा पाय १९६९ च्या मोटार अपघातात कापावा लागेल अशी स्थिती आली होती, तो वाचला. आपला पाय वाचला, पण ज्यांचा वाचत नाही त्यांचे काय, या एका प्रश्नातून लाखो लोक पायांवर उभे राहिले.

त्याच प्रश्नाची पुढची पायरी आज समोर आहे. कृत्रिम पाय दिसतो, मोजता येतो, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापता येते. वेदना दिसत नाही, मोजता येत नाही. आणि दुखणाऱ्या माणसाने पाय नेला, तरी तो वापरील याचा भरवसा नाही. कित्येक घरांत असा पाय फडताळाच्या वर धूळ खात पडलेला आढळतो. दात्यास वाटते दान सत्कारणी लागले. प्रत्यक्षात ते माळ्यावर जाऊन पडलेले असते.

यास्तव शिबिर भरविणाऱ्या कोणत्याही संस्थेने चार गोष्टी केल्या तर खर्च फारसा वाढणार नाही. नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी : नसलेल्या अवयवात वेदना होते काय, आणि किती? शिबिरात एक फिजिओथेरपिस्ट व एक आरसा ठेवावा. वेदना अधिक असलेल्या रुग्णास नाशिक किंवा मुंबईच्या रुग्णालयातील वेदना-उपचार विभागाकडे पत्र देऊन पाठवावे आणि जाण्या-येण्याचे भाडे द्यावे. आणि तीन महिन्यांनी कार्यकर्त्याने त्याच्या घरी जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : पाय वापरता ना? झोप लागते ना?

पाय जाण्यापूर्वी

दानाहून श्रेष्ठ काही असेल तर ते म्हणजे पाय जाऊच न देणे. व्यापारी घरांत मधुमेह आता पाहुण्यासारखा राहिलेला नाही, तो घरचाच झाला आहे. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. एक विलक्षण विरोधाभास येथे दिसतो : एकाचा पाय नसून दुखतो, तर दुसऱ्याचा पाय असून दुखत नाही. न दुखणारा पायच अधिक धोक्याचा, कारण खडा टोचला, चटका बसला, फोड आला, तरी कळत नाही. मंदिराच्या तापलेल्या फरशीवर किंवा यात्रेत अनवाणी चालताना अशा व्यक्तींनी विशेष काळजी घ्यावी; मोजे घालून, सावलीतून, थोडे चालावे आणि आपल्या साधू-साध्वीजींना विचारून मर्यादा ठरवून घ्यावी. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःस वाकता येत नसेल तर नातवंडांस पाहावयास सांगावे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. लहानशी जखमही घरगुती लेपावर सोडू नये. तंबाखू तर रक्तवाहिन्यांची शत्रूच होय.

समारोप

बंधू-भगिनींनो, जैन परंपरेत तपांच्या यादीत उपवासाबरोबर वैयावृत्त्याची, म्हणजे रुग्ण व पीडितांच्या सेवेची, गणना केली आहे. ती सेवा केवळ औषध-पाणी देण्याने पूर्ण होत नाही. समोरचा मनुष्य जे सांगतो आहे ते खरे मानून ऐकणे, ही तिची सुरुवात आहे. वेदना हे कर्माचे फळ आहे असे मानणाऱ्यानेही हे विसरू नये की दुसऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरविणे हे आपले स्वतःचे नवे कर्म असते.

मघाचे ते निवृत्त गृहस्थ पुन्हा एकदा आठवावेत. पावसाची रात्र आहे. ते जागे झाले आहेत. या वेळी मुलगा दिवा लावून शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "बाबा, कोणते बोट दुखते आहे?" पाय परत येणार नाही. कळही कदाचित लगेच थांबणार नाही. पण त्या प्रश्नाने ते गृहस्थ एकटे राहिले नाहीत, आणि सकाळी डॉक्टरांकडे जाण्याचे ठरले.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी इतके जरी प्रत्येक घरात आणि प्रत्येक शिबिरात सुरू झाले, तरी वहीतील राहून गेलेली एक नोंद पूर्ण होईल.